खाली तारीख टाक

अगं ऐक,

काल तू गेलीस आणि चहा तसाच राहिला कपात, तेव्हा कळलं मला की मी गिऱ्हाईकासमोर जरा जास्तच बोललो. पण माझंही बघ ना, तो वाढदिवसाचा बॅनर आठच्या आत पाहिजे होता, त्यात भाऊंचा फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला, फुटलेला, खाली सतरा शुभेच्छुकांची तोंडं बसवायची, एकाचा फोटो दुसऱ्यापेक्षा लहान झाला तर भांडणं, आणि तू मध्येच वही पुढे करून विचारतेस, "काका, इंजिनिअरिंग सोडू का?" असलं काही उभ्या उभ्या विचारतात का? तरी चुकलंच माझं. म्हणून आता रात्री साडेअकराला अंगठ्याने टाइप करत बसलोय, चुका दिसल्या तर समजून घे.

तुझा हात चांगला आहे हे मी सांगत बसणार नाही, तुलाही माहितीये मलाही माहितीये. कलेत पोट भरतं का, आईपप्पांना कसं समजवायचं, हेही आत्ता नको. तुझ्या पप्पांनी अंबडच्या एमआयडीसीत तीन शिफ्टमध्ये आयुष्य काढलंय, त्यांना घाबरायचा हक्क आहे. मला फक्त त्या वहीबद्दल बोलायचंय.

वही मी सगळी पाहिली. तू गेल्यावर परत एकदा पाहिली. रामकुंडावर कपडे पिळणारी बाई, काय हात आलाय तिचा, ओल्या कपड्याचा पीळ दिसतो, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता गोल. सरकारवाड्याचे तीन खांब काढलेस, चौथ्याला कंटाळलीस. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती छातीच्या वर तेवढा, खाली कोरा कागद, मला आधी वाटलं गोदेला पूर आलाय. आणि ती बिबट्याची गोष्ट, सिडकोच्या बिल्डिंगमध्ये बिबट्या शिरतो ती, नऊ चौकटी अशा की मी दुकानात एकटा हसलो, आणि दहावी चौकटच नाही. बिबट्या जिन्यात उभा. कधीपासून उभाय? तू म्हणालीस गणपतीपासून. बिचाऱ्याचे पाय दुखले असतील.

साठ-बासष्ट पानं. एकाखाली सही नाही, तारीख नाही.

आणि वर मला म्हणतेस, "काका इन्स्पिरेशन येत नाही सध्या." डोकं तिथे फिरलं माझं. इन्स्पिरेशन आलं होतं ना, बासष्ट वेळा आलं होतं, बाईचा हात काढताना आलं होतं. चेहरा काढायच्या वेळी ते निघून गेलं एवढंच. ते जातंच. सगळ्यांचं जातं. पुढचं अर्ध काम त्याच्याशिवाय करायचं असतं आणि ते कुणी रीलमध्ये दाखवत नाही कारण ते दिसायला बोअर असतं.

तर माझं एकच म्हणणं आहे. चित्र पुरं कर, खाली उजव्या कोपऱ्यात सही कर, आणि तारीख टाक. वाईट झालं असलं तरी टाक. वाईट झालं असेल तर नक्कीच टाक. तारीख टाकली की ते चित्र तुझ्या हातातून सुटतं, मग ते जे आहे ते आहे, पुढचं घ्यायला हात मोकळा.

हे मी का बोलतोय ते सांगतो, कुणाला फारसं सांगितलेलं नाहीये.

१९९३ चा जून. मी एकवीसचा. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला ए ग्रेड, गल्लीत सगळे आर्टिस्ट म्हणायचे, मीही म्हणायचो. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो, व्हीटीला उतरून फोर्टात चालत, काखेत पुठ्ठ्याची फाईल, दोरीने बांधलेली. एका जाहिरात कंपनीत ओळखीच्या ओळखीने वेळ मिळाली होती. तिथल्या आर्ट डायरेक्टरने फाईल उघडली, शांतपणे वीस-बावीस कागद उलटले, आणि म्हणाला, "छान. यातलं पूर्ण झालेलं कुठलंय?" मी म्हटलं सर हे स्केचेस आहेत. तो म्हणाला, "ते दिसतंय. महिन्याभरात दहा पूर्ण करून आण, मग बोलू." एवढंच. चहाही पाजला त्याने.

मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो आणि इगतपुरी यायच्या आत माझं ठरलं होतं की मुंबईत वशिल्याशिवाय काही होत नाही. घरी तेच सांगितलं, मित्रांना तेच सांगितलं. पंधरा वर्षं तेच सांगत होतो. पुढे पुढे तर म्हणायचो की वडील आजारी पडले म्हणून राहिलो नाशिकला. वडील आजारी पडले ते पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात. मधलं वर्षभर मी काय केलं? दहा चित्रं नाही केली. तीन केली, अर्धी. महिना गेला मग लाज वाटायला लागली, मग जायचा प्रश्नच मिटला. त्या माणसाने मला नाही म्हटलंच नव्हतं गं.

मग पाट्या रंगवायला लागलो, भद्रकालीत एका पेंटरच्या हाताखाली. आणि गंमत बघ, कामं पुरी करायची सवय मला कलेने नाही लावली, किराणावाल्याने लावली. दुकानाचा मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा म्हणजे पाटी अक्षय्य तृतीयेला लागलीच पाहिजे. अर्ध्या पाटीचे अर्धे पैसे कुणी देत नाही. पत्रा घासायचा, प्रायमर मारायचा, वाळला की खडूची दोरी मारून दोन रेघा, मग अक्षरं. मूड असो नसो. "प्रोव्हिजन" मधला प्र कितीदा काढला असेल मी, झोपेत काढीन. आणि कोपऱ्यात पेंटर म्हणून माझं नाव आणि साल. उस्ताद म्हणायचे, नाव टाकायचं नसेल इतकी वाईट झाली असेल तर परत रंगव, पण मुहूर्ताच्या आत. त्या कोपऱ्यातल्या दोन इंचाने मला जे शिकवलं ते तेवढं दुसऱ्या कशाने नाही शिकवलं.

२००३ च्या कुंभात तर रात्र रात्र बोर्ड रंगवले आम्ही, बाण आणि "स्नानाकडे जाण्याचा मार्ग". कला नाही म्हणशील. पण एवढे बोर्ड वेळेत पुरे केलेला माणूस ब्रशला घाबरत नाही. मग फ्लेक्स आला, ब्रशवाले निम्मे घरी बसले, कुणी रिक्षा घेतली, मी कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला, कोरल ड्रॉ शिकलो वयाच्या तिसाव्या वर्षानंतर, शिव्या देत. आता गेल्या काही वर्षांत कॉलेज रोडच्या कॅफेवाल्यांना परत हाताने लिहिलेली अक्षरं पाहिजेत, भिंतीवर, मुद्दाम जुन्यासारखी, आणि त्याचे मी फ्लेक्सच्या दसपट घेतो. हे मी बढाई म्हणून नाही सांगत. बरं, थोडी आहे बढाई.

तू काल बोलता बोलता फाळकेंचं काढलंस. नाशिककर आहेस, काढणारच. पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक, त्र्यंबकला जन्म, विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, बायकोचे दागिने गेले, हे सगळं पाठ आहे आपल्याला आणि म्हणून सगळ्यांना वाटतं की स्वप्न म्हणजे काहीतरी गहाण टाकणं. पण वाटाण्याचं माहितीये का तुला? १९१२ ला ते लंडनहून शिकून आले, खिशात पैसे नाहीत, सिनेमा म्हणजे काय हे कुणाला पटेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. आणि रोज त्याचा थोडा थोडा फोटो घेत गेले, महिनाभर, आणि त्याची मिनिटभराची फिल्म केली, दाणा फुटतो, अंकुर येतो, वेल चढते. ती पुरी केलेली मिनिटभराची फिल्म दाखवली तेव्हा पैसे लावणारा माणूस मिळाला. स्वप्न सांगून नाही मिळाला. महिनाभर एका वाटाण्यासमोर बसायला इन्स्पिरेशन किती दिवस पुरत असेल? दोन? तीन?

मग राजा हरिश्चंद्र. तारामतीच्या कामाला बाई मिळेना तर हॉटेलात आचारी असलेला अण्णा साळुंके नेसवून उभा केला. सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाक करायच्या आणि वर फिल्मला भोकं पाडायचं, धुवायचं कामही करायच्या. ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशनला पिक्चर लागलं, तेव्हा फाळके ४३ वर्षांचे. तारामतीसाठी मनासारखी नटी मिळेपर्यंत थांबले असते तर कुंडीतला वाटाणाच राहिला असता.

आणि हे लक्षात घे की मुंबईत पिक्चर चाललं आणि ते कंपनी घेऊन नाशिकला आले. मुंबईहून नाशिकला! पुढचे पिक्चर इथे झाले. आणि तात्यासाहेब, कुसुमाग्रज, ते राहिलेच ना इथे, १९८७ चं ज्ञानपीठ मिळालं तरी पत्ता नाशिकचाच. म्हणजे नाशिकला राहून होत नाही वगैरे मला कुणी सांगू नये. इथे घाट आहे, सकाळचा उजेड आहे, चित्रकार शिवाजी तुपेंसारख्या माणसाने आयुष्यभर निसर्गचित्रं काढली ती याच मातीत राहून. मी काही चूक नाही केली राहून.

हां, मी तात्यासाहेब नाहीये हे मलाही कळतं. आणि फाळक्यांचे शेवटचे दिवस नाशिकलाच हलाखीत गेले, १९४४ ला वारले, तेही लोक स्मारकावर सांगत नाहीत. माझी बायको म्हणते की नाशिकचा विषय निघाला की तुम्ही दुसऱ्याशी कमी आणि त्या फाईलशी जास्त भांडता. असेल. पुढे जाऊ.

आता तुझा प्रश्न. सोडू का. तुला ॲनिमेशनमध्ये स्टोरीबोर्ड, म्हणजे फिल्मची गोष्ट चौकटी-चौकटींत काढून दाखवायचं काम, करायचंय, बरोबर? मग दुसरं वर्ष अर्ध झालंय, डिग्री पुरी कर. ती पण तुझ्या वहीतलीच एक अर्धी गोष्ट होऊ नये म्हणून सांगतोय, पप्पांची बाजू घेतोय असं समजू नको. आयआयटी मुंबईत आयडीसी म्हणून डिझाइनचं स्कूल आहे, १९६९ पासूनचं, तिथे ॲनिमेशनचं एम.डेस. आहे, त्याला सीड नावाची प्रवेश परीक्षा लागते आणि इंजिनिअरिंगवाले पोरंपोरी तिथे जातात. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, ॲनिमेशन फिल्म डिझाइन आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला, एफटीआयआयला, आर्ट डायरेक्शनचा कोर्स आहे, त्याला ग्रॅज्युएशन लागतं, पण कुठल्या विषयातलं चालतं ते आधी बघून घे. म्हणजे तुझी डिग्री दार बंद करत नाहीये. आणि आता सोडून बीएफएला जायचंच म्हणशील तर त्याची सीईटी आहे, वस्तुचित्र, स्मरणचित्र, डिझाइन, आणि वेळ लावलेली असते. वेळ संपली की कागद काढून घेतात. तुझा मारुती छातीपर्यंतच जमा होईल, सांगून ठेवतो.

पैशाचं म्हणशील तर केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वय, महिन्याला ५००० रुपये, दोन वर्षं. पाच वर्षं कुणाकडे शिकल्याचं दाखवावं लागतं, म्हणून एलिमेंटरीच्या वेळेपासूनचे क्लासचे कागद आईच्या कपाटातून शोधून काढ, फेकले नसतील तर. फॉर्म त्या मंत्रालयाच्या सीसीआरटी नावाच्या संस्थेच्या साइटवर निघतो, त्यावर लक्ष ठेव.

पण या सगळ्या ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी, समोर बसलेला माणूस फाईल उघडणार आणि तोच प्रश्न विचारणार, यातलं पूर्ण कुठलंय. तोंडाने नाही विचारला तर मनात विचारेल.

त्यापेक्षा आधी हे कर. १९०९ पासून आपल्याकडे दिवाळी अंक निघतात, अजूनही ढिगाने निघतात, आणि प्रत्येकाला रेखाटनं लागतात. संपादक लोक पावसाळ्यात काम वाटतात. पैसे कमी, कधी कधी नुसताच अंक घरी येतो, खोटं कशाला बोलू. पण कथा हातात येते आणि तारीख हातात येते, अमुक तारखेच्या आत तीन चित्रं, आणि दिवाळी काही तुझ्या मूडसाठी पुढे जात नाही. सार्वजनिक वाचनालयात जा, जुने अंक काढायला सांग, दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं बघ. नुसती सुंदर आहेत म्हणून बघू नको, किती आहेत ते मोज. दुसरं म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी इथल्या हौशी संघांना नेपथ्याला माणसं लागतात, मी दोघातिघांना ओळखतो, फ्लॅट, म्हणजे स्टेजवरच्या खोट्या भिंती, रंगवायला जा. पडदा सातला उघडतो. तुझा फ्लॅट झाला नसेल तरी उघडतो. त्या भीतीत एकदा राहून बघ, मला तरी तिने सरळ केलं.

परत सांगतोय कारण तू मान हलवतेस आणि ऐकत नाहीस: नवीन वही घ्यायची नाही. काल तुझ्या बॅगेत ती नवी दिसली मला, जाड कागदाची, महागाची. ती मला आणून दे, मी कुलपात ठेवतो. आधी जुनीतली दहा. मी दहा म्हणतोय, बासष्ट म्हणत नाहीये. बाईला चेहरा दे, वाकडा दे, चालेल. सरकारवाड्याचा चौथा खांब. मारुतीचे पाय, ते दिसत नसतील पाण्यामुळे तर उन्हाळ्यात जाऊन बघ. आणि बिबट्याला त्या जिन्यातून बाहेर काढ, वर गच्चीवर ने नाहीतर वनखात्याच्या पिंजऱ्यात घाल, मला फरक पडत नाही, पण तो हलला पाहिजे. प्रत्येकाखाली सही. प्रत्येकाखाली तारीख, खरी, मागची टाकायची नाही.

महिना देतो. माझ्यासारखं लाजून गायब व्हायचं नाही हं. सातच झाली तरी सात घेऊन ये, मी रागवेन, पण ये.

वही इथेच राहिलीये तुझी, काउंटरच्या खालच्या खणात ठेवलीये, त्यावर चहाचा एक डाग पडलाय तो माझ्याकडून, सॉरी. उद्या मी देवळालीला भिंतीच्या कामावर आहे, दुकानात पोरगा असेल, त्याला सांगून ठेवतो. येताना सहा बी ची पेन्सिल घेऊन ये, तुझी विसरली होती ती मी बॅनरवाल्यांचा हिशोब करायला घेतली आणि आता ती बोटाएवढी राहिलीये.

काका