वाचकांचे प्रश्न : सुब्बुलक्ष्मींचा ‘मीरा’

प्रश्न : ‘मीरा’ तमिळमध्ये पाहावा की हिंदीत? इंटरनेटवर दोन्हींची गाणी एकत्र सापडतात.

उत्तर : आधी तमिळच पाहा. मूळ चित्रपट १९४५चा, हिंदी आवृत्ती १९४७ची. सुरुवातीला सरोजिनी नायडू पडद्यावर येऊन मीरेची भूमिका करणाऱ्या गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मींची ओळख करून देत असतील, तर ती हिंदी आवृत्ती समजावी. गाण्यांवरूनही लगेच कळतं. हिंदीत मीराबाईंची पदं आहेत. तमिळमधलं ‘काट्रिनिले वरुम गीतम’ मात्र तमिळ लेखक कल्कींनी लिहिलेली स्वतंत्र रचना आहे आणि संगीत एस. व्ही. वेंकटरामन यांचं. शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. ‘वाऱ्यावरून येणारं गीत’ एवढा अर्थ मनात ठेवून ऐका. ‘नंदबाला’ हे गाणं पुढे ढकलू नका. बालमीरा याच गाण्यात मोठी होते आणि पहिल्यांदा सुब्बुलक्ष्मींचा चेहरा दिसतो.

प्रश्न : त्या चेहऱ्यावरचा प्रकाश इतका देखणा कसा साधला?

उत्तर : पूर्वतयारीमुळे. दिग्दर्शक एलिस आर. डंगन अमेरिकन होते, त्यांना तमिळ येत नव्हतं. छायाचित्रकार जितेन बॅनर्जी. चित्रीकरणाआधी सुब्बुलक्ष्मींचा प्लास्टरचा अर्धपुतळा करून घेतला, त्यावर वेगवेगळ्या कोनांतून दिवे टाकून चित्रण केलं, ते तपासलं आणि मगच प्रकाशयोजना ठरवली. पुतळा हलत नाही, दमत नाही. त्यामुळे दिवा थोडा वर-खाली केला की नाकाची सावली कुठे पडते, डोळ्यांखाली काळोख साचतो का, हे निवांत पाहता येतं. कृष्णधवल चित्रपटात सगळी भिस्त या सावल्यांवरच. क्लोज-अपमध्ये गालाच्या कडेवर नजर ठेवा, ही मेहनत तिथे दिसते.

प्रश्न : चित्रपटात मीरेचा पती राणा कुंभ दाखवला आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. राणा कुंभ १४६८ साली मारले गेले, मीराबाईंचा जन्म १४९८च्या सुमाराचा. त्यांचा विवाह राणा संगांचे पुत्र भोजराज यांच्याशी १५१६मध्ये झाला. कुंभांचं नाव ब्रिटिश अधिकारी कर्नल टॉड यांनी लिहिलेल्या राजस्थानच्या इतिहासातही असंच आलं आहे, आणि हा समज बराच काळ टिकला. चित्तूर व्ही. नागय्या यांनी राणाची भूमिका मनापासून केली आहे. ती जरूर पाहा, फक्त नाव इतिहास म्हणून धरू नका.