आव्हो सिगार सौम्य का लागतो, आणि तो नेमका कोणाचा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आव्हो क्लासिक इतका सौम्य लागतो तो हलक्या प्रतीच्या पानामुळे का, आणि सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवर ज्याचं नाव आहे तो माणूस स्वतः सिगार बनवायचा का? दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

आव्हो उवेझियन हे जॅझ पियानोवादक. १९२६ साली बैरूतमधल्या आर्मेनियन कुटुंबात जन्म, पुढे न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीत विद्यालयात शिक्षण. ऐंशीच्या दशकात ते पोर्तो रिकोमध्ये पियानो वाजवत आणि ऐकायला आलेल्या पाहुण्यांना आपला सिगार देत. तो बनत होता डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, हेंड्रिक केल्नर यांच्याकडे. लोकांना आवडला, विकला जाऊ लागला, आणि नव्वदच्या दशकात दाविदॉफ या सिगार कंपनीने ब्रँडच विकत घेतला. उवेझियन २०१७ च्या मार्चमध्ये गेले.

चव कशी हवी हे उवेझियन यांनी सांगितलं, ती पानांतून आणली केल्नर यांनी. हे नाव पट्टीवर नाही याची मला खरंच खंत वाटते. दाविदॉफने १९९० च्या सुमारास क्यूबाशी काडीमोड घेतला तेव्हा आपला सिगार ज्यांच्या हाती सोपवला ते हेच केल्नर. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सान्तियागो शहराच्या आसपास, सिबाओच्या खोऱ्यात त्यांचं काम चालायचं. देशातला उत्तम तंबाखू पिकतो तो याच खोऱ्यात.

आता सौम्यपणा. तंबाखूच्या एकाच रोपावर तीन स्वभावांची पानं येतात. खालची वोलादो चांगली जळतात, पण चवीला फिकी. मधली सेको सुगंधाची. शेंड्याकडची लिहेरो ऊन खाऊन जाड होतात, सावकाश जळतात, आणि सिगारचा जोर प्रामुख्याने त्यांचाच. सौम्य सिगारात लिहेरो कमी आणि सेको जास्त. जोर कमी झाला की लपायला जागा उरत नाही. नीट न मुरलेलं एक पान आलं तरी अमोनियाचा उग्र दर्प लगेच जाणवतो. तिखट सिगारात तेच पान खपून जातं. म्हणून माझं ठाम मत आहे की सौम्य सिगार बनवणं जास्त अवघड.

पानं मोठमोठ्या ढिगांत रचून आंबवतात. ढिगाच्या पोटात उष्णता वाढते, ती फार चढण्याआधी ढीग मोडून पानं वरखाली करून पुन्हा रचतात. हा अमोनिया तिथेच निघून जातो. घाई केली की सगळं बिघडतं.

क्लासिकचं बाहेरचं फिकट, रेशमी पान मात्र डॉमिनिकन नाही. ते कनेटिकट जातीचं, पण इक्वाडोरमध्ये पिकवलेलं. अमेरिकेत या जातीला सावली देण्यासाठी शेतावर कापड ताणतात, इक्वाडोरमध्ये ते काम ढगच करतात. पान पातळ राहतं, शिरा नाजूक होतात.

हाताने वळलेल्या सिगारात आतलं पान लांबच्या लांब असतं, चुरा नसतो. कारागीर पानं दुमडून जुडी करतो, तेव्हा धुराला वाट ठेवावी लागते. जुडी घट्ट झाली तर ओढ बसत नाही, सैल झाली तर भराभर जळून तोंड पोळतं. हे बोटांनाच कळतं. मग जुडी लाकडी साच्यात दाबून ठेवतात आणि शेवटी बाहेरचं पान चढवतात.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. सौम्य हे चवीचं वर्णन आहे, तब्येतीचं नाही. धूर छातीत घेतला नाही तरी सिगारचं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका सिगार सौम्य असल्याने टळत नाही. तुम्ही अजून सुरुवात केली नसेल तर करू नका, असंच मी सांगेन.

ओढतच असाल तर मिनिटाला एक झुरका पुरे. त्याहून भराभर ओढलात तर सिगार तापतो आणि शेवटचा तिसरा भाग कडू होतो. तो कडवटपणा पानाचा नसतो. पानातला फरक पाहायचाच असेल तर पुढच्या वेळी त्याच ब्रँडचा सिंक्रो निकाराग्वा घ्या. त्याच्या भरावात निकाराग्वाचं पान आहे, आणि क्लासिकमध्ये काय मुद्दाम कमी ठेवलंय ते लगेच कळेल.