अनारसे परत आण

बाळ,

तुझी एकांकिका काल रात्री वाचली. समासात पेन्सिलीनं अकरा ठिकाणी लिहिलंयस, ‘हे त्यांना कळेल का?’ प्रयोग बर्लिनला, निम्मे प्रेक्षक जर्मन, धाकधूक होणारच. पण त्यापायी अधिकमासातले ३३ अनारसे काढून तू चॉकलेटचा डबा ठेवलास, तेव्हा मला राग आला. खराखुरा.

पहिल्या खर्ड्यात काय होतं? जावई वाणाच्या ताटापुढे बसलाय. अनारसे ३२ च आहेत, एक तुपात हसला, म्हणजे विस्कटला, हे फक्त सासऱ्यांना ठाऊक. जावयाची नजर ताटाकडे वळते आणि सासरे पटकन कडेच्या अनारशावर हात ठेवतात. तो हात बर्लिनमध्येही कळेल गं! ‘मोजून ३३, एकही कमी नको,’ एवढं सासूनं आधी बजावलं की झालं. अधिकमास कळला नाही तरी चालेल, माणूस कशाला घाबरलाय ते कळलं पाहिजे. चॉकलेटं कोण मोजतं?

नाटककार गो. ब. देवलांनी ‘संशयकल्लोळ’मध्ये बदललंच की, म्हणशील. बदललं. मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरचं प्रहसन १६६० चं, पॅरिसचं. आर्थर मर्फीनं १७६१ साली ते लंडनला नेलं, त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये गद्य नाटक लिहिलं आणि १९१६ मध्ये त्याचंच संगीत ‘संशयकल्लोळ’ झालं. नावं, घरं, बोली, सगळं नवं. पण बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर दिसल्यावर नवऱ्याच्या काळजात होणारं धस्स तेच राहिलं. देवलांनी गोष्ट एका घरातून उचलून दुसऱ्या भरल्या घरात ठेवली. तुझा चॉकलेटचा डबा कुणाच्याच घरचा नाही. माणूस कशाला घाबरलाय, ते घराशिवाय कसं कळणार?

मी स्वतः हे करून बसलोय. माझ्या एकांकिकेत विहीण मानाच्या साडीचा पदर दोन बोटांत धरून पोत बघायची, काही न बोलता साडी मांडीवर ठेवायची आणि पाणी मागायची. वधूपिता तबक धरून तसाच उभा. ‘पाहुण्यांना मानपान काय कळणार,’ असं संयोजक म्हणाले आणि मी साडीची ‘भेटवस्तू’ केली. त्या जागी परके हसले नाहीत, आपलेही हसले नाहीत. पुढे दोन प्रयोग मी असल्याच काटछाटीवरून सोडले. लोक हट्टी म्हणाले. म्हणोत. आजही सोडेन, कारण त्या बापाची भीती मी माझ्या हातानं कापली होती आणि ते मला अजून खुपतं.

‘अनारसा हसला’ वरची कोटी मात्र जाईल. चांगली होती, मलाही हळहळ वाटते. पण ती शब्दात होती, भीतीत नव्हती.

रविवारपर्यंत नवा खर्डा पाठव. आणि सासऱ्यांचा हात ताटावर आला की जावयाचं वाक्य लगेच नको. तिथं थोडा वेळ कुणीच काही बोलू नये.