केरीची गोष्ट पुढेही आहे

प्रश्न : आम्ही डब्लिनला राहतो. मुलगा 16 वर्षांचा, इथल्या क्लबच्या अकादमीत फुटबॉल खेळतो. शेजारचे आजोबा त्याला जुना आयरिश फुटबॉलपटू जॉनी केरीच्या गोष्टी सांगतात. सतराव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडला गेला, कॅप्टन झाला वगैरे. आता हा म्हणतो, शाळा सोडतो आणि इंग्लंडला जातो. त्यातच कोचने फॉरवर्डवरून बॅकला, म्हणजे मागे बचावाला टाकलंय, म्हणून घरी तोंड फुगवून असतो. काय करावं?

उत्तर : नमस्कार. आधी सोपं सांगतो. ब्रेक्झिटनंतर 2021पासून आयर्लंडमधल्या मुलाला अठरा पूर्ण होईपर्यंत इंग्लिश क्लब करारबद्ध करू शकत नाही. त्यामुळे शाळा सोडली तरी हा जाणार कुठे? लीव्हिंग सर्टिफिकेट, म्हणजे तिथली शाळेची शेवटची परीक्षा, होऊन जाईल तेवढ्यात. भांडण इथेच मिटवा.

आता केरी. 1936 साली युनायटेडने त्याला 250 पौंडांना घेतलं, ते पुढे खेळणारा म्हणून. विशीत आला आणि युद्ध सुरू झालं. सात वर्षं लीग बंद. आयर्लंड तटस्थ असूनही तो ब्रिटिश सैन्यात गेला. परतला तेव्हा युनायटेडचा मॅनेजर मॅट बझ्बीने त्याला फुलबॅक, म्हणजे बचावपटू केलं. तुमच्या चिरंजीवांना नेमकं हे ऐकवा, कारण केरीचं नाव झालं ते तिथूनच. 1948च्या एफए कप या इंग्लिश स्पर्धेच्या फायनलमध्ये ब्लॅकपूल 2-1ने पुढे होतं. केरीच्या संघाने 4-2ने सामना काढला. 1949मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या गुडिसन पार्क मैदानावर इंग्लंडला 2-0ने हरवणाऱ्या आयर्लंडचा कॅप्टनही तोच. मागे खेळून, बरं का!

पैशाचं आजोबा बोलले नसतील. तेव्हा खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती : आठवड्याला 12 पौंड, उन्हाळ्यात 10. देशातला सर्वोत्तम ठरलात तरी पगार त्याच्या वर जात नसे. ही मर्यादा 1961मध्ये उठली, केरी 1953लाच निवृत्त झाला होता.

मग मॅनेजरकी. ब्लॅकबर्न क्लबला त्याने पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या गटात आणलं. पुढे त्याचा एव्हर्टन क्लब 1961मध्ये पाचव्या क्रमांकावर होता, तरी क्लबच्या अध्यक्षांनी लंडनमध्ये टॅक्सीतच त्याला काढून टाकलं. मैदानाबाहेरची नोकरी अशीही जाते, चालत्या गाडीत. त्याने लेटन ओरिएंट हा क्लब हातात घेतला आणि वर्षभरात पहिल्या डिव्हिजनला नेलं. मला स्वतःला तो कपापेक्षा इथे जास्त आवडतो.

तेव्हा शाळा चालू, अकादमीही चालू. कोचकडे मात्र मुलालाच पाठवा, तुम्ही जाऊ नका. त्याने एवढंच विचारावं : ‘सर, बॅकला माझं काय कमी पडतंय?’ उत्तर वहीत लिहून आणायला सांगा, आणि ते घेऊन मे महिन्यात मला पुन्हा लिहा.