वाचकांचे प्रश्न : ओळखपत्राचा रंग आणि पगाराचा कागद

प्रश्न : माझी भाची कॅलिफोर्नियातील एका मोठ्या कंपनीत चार वर्षे नोकरी करते. तिथे कंपनीच्या प्रमुखालाही सर्वजण पहिल्या नावाने हाक मारतात आणि तोही जेवणाच्या रांगेत सर्वांसोबत उभा राहतो, असे ती कौतुकाने सांगते. मात्र त्याच कार्यालयात काही जणांच्या गळ्यातील ओळखपत्र वेगळ्या रंगाचे असते आणि त्यांना कंपनीच्या समारंभांचे आमंत्रण नसते, हेही तिनेच सांगितले. अमेरिकेत वर्गभेद नाही, कष्ट करणारा कुठूनही वर येतो, असे आम्ही ऐकत आलो. मग हा प्रकार काय आहे?

उत्तर : आपल्या भाचीने पाहिलेल्या दोन्ही गोष्टी तिथे सुखाने एकत्र नांदतात. पहिल्या नावाने हाक मारणे हा शिष्टाचार झाला. वर्ग ठरतो तो पगार कोण काढतो, तो कसा मोजतो आणि माणूस आजारी पडला तर पुढे काय होते, यांवरून. त्यामुळे अमेरिकी कार्यालयातील वर्ग ओळखायचा असेल, तर माणसांची बोलणी ऐकत बसण्यापेक्षा पगाराचा कागद मागून पाहावा, असे माझे मत आहे.

आमंत्रण का नसते, हे आधी सांगतो, कारण त्यामागे कोणाचा उद्धटपणा असण्यापेक्षा वकिलाचा सल्ला असण्याची शक्यता अधिक आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये १९८० च्या दशकात बरीच मंडळी ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणून वर्षानुवर्षे कायम कर्मचाऱ्यांच्या शेजारी बसून तेच काम करत होती. त्यांच्या ओळखपत्राचा रंग वेगळा होता, ईमेलचा पत्ता वेगळ्या धाटणीचा होता आणि कंपनीच्या अधिकृत समारंभांना त्यांना बोलावणे नसे. हा सगळा तपशील न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदलेला आहे. १९९० च्या सुमारास कर खात्याने तपासणी करून ही मंडळी कायद्याच्या दृष्टीने कर्मचारीच ठरतात, असा निष्कर्ष काढला. पुढे त्यांनी सवलतीच्या शेअरसह इतर लाभांसाठी दावा लावला आणि २००० मध्ये कंपनीने ९.७ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. यातून सर्वांना कायम करून घ्यावे, असा धडा उद्योगांनी घेतला असता तर बरे झाले असते. बहुतेकांनी घेतलेला धडा असा, की कंत्राटी माणूस आपला नाही हे पदोपदी दिसत राहिले पाहिजे. गूगलमध्ये कायम कर्मचाऱ्यांचे ओळखपत्र पांढरे आणि कंत्राटी मंडळींचे लाल असते. मार्च २०१९ मध्ये तिथे कायम कर्मचारी सुमारे १,०२,००० होते, तर तात्पुरते आणि कंत्राटी सुमारे १,२१,०००.

समारंभाचे केक-सरबत हुकले तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते दुसरीकडे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे कोडॅक कंपनीत १९८० च्या दशकात साफसफाई करणारी एक स्त्री कंपनीच्या पटावरची पूर्णवेळ कर्मचारी होती. तिला भरपगारी रजा मिळे, वार्षिक बोनस मिळे आणि महाविद्यालयाच्या शुल्काचा काही भाग कंपनी भरत असे. ती संगणकाचे वर्ग करते आहे, हे एका व्यवस्थापकाच्या कानावर गेले आणि मालाच्या नोंदी संगणकावर कशा ठेवायच्या, हे इतरांना शिकवण्याचे काम त्याने तिला दिले. १९८७ मध्ये पदवी हाती येताच तिला माहिती-तंत्रज्ञान विभागात घेतले आणि दहा वर्षे पुरी होण्याआधी ती त्याच कंपनीची मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाली. तिच्या कष्टांबद्दल शंकाच नाही. पण ज्या व्यवस्थापकाने तिला हेरले, तो आणि ती एकाच मालकाचे नोकर होते, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आज तशाच बड्या कंपनीची फरशी पुसणारी स्त्री बहुधा सफाईच्या ठेकेदाराकडे नोकरीला असते. तिने रात्री जागून काय शिकले, हे इमारतीतील कोणाला कळले, तरी तिला बढती देणे त्याच्या अखत्यारीत नसते, आणि ठेकेदाराकडे वरची जागा म्हणजे फार तर मुकादमाची.

आता पगाराच्या कागदाकडे वळू. १९३८ च्या संघीय कायद्याप्रमाणे आठवड्याला ४० तासांपलीकडच्या कामाला दीडपट दर द्यावा लागतो. मात्र ज्याला ठरावीक पगार आहे, तो आठवड्याला किमान ६८४ डॉलर आहे आणि ज्याचे मुख्य काम देखरेखीचे आहे, त्याला यातून वगळता येते. २०२४ मध्ये सरकारने ही मर्यादा वाढवली होती, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने ती वाढ रद्द केली. परिणाम असा, की तासाला १५ डॉलर घेणाऱ्या दुकानातील कामगाराने ४५ तास भरले, तर ४० तासांचे ६०० आणि वरच्या पाच तासांचे ११२.५०, मिळून ७१२.५० डॉलर त्याच्या हाती पडतात. त्यालाच ‘असिस्टंट मॅनेजर’ करून वर्षाला ३६,००० डॉलर ठरवले, तर आठवड्याला सुमारे ६९२ डॉलर होतात, मग तो ४५ तास राबो की ६०. साठ तासांच्या हिशेबाने त्याला तासाला साडेअकरा डॉलरच पडले. छातीवर पदाची पाटी लागली आणि खिसा हलका झाला, अशी ही बढती. (कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी मर्यादा बरीच वर ठेवली आहे, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही.)

राहता राहिला कष्टाने वर येण्याचा प्रश्न. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर खात्याच्या नोंदींच्या आधारे हा हिशेब मांडला आहे. १९४० मध्ये जन्मलेल्या अमेरिकनांपैकी सुमारे ९० टक्के जण तिशीत आपल्या आईवडिलांनी त्याच वयात मिळवले त्याहून अधिक मिळवत होते. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवर आले. म्हणजे आपण ऐकत आलात ते एका पिढीपुरते जवळपास खरे होते. उत्पन्नाच्या तळाच्या पाचव्या हिश्श्यातील घरात वाढलेले मूल वरच्या पाचव्या हिश्श्यात पोहोचण्याची शक्यता देशभरात ७.५ टक्के निघाली. जन्माच्या घराने काहीच फरक पडत नसता, तर ती २० टक्के असती. उत्तर कॅरोलायनातील शार्लट शहरात ती ४.४ टक्के होती आणि कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे १२.९ टक्के. सॅन होजे म्हणजे सिलिकॉन व्हॅली. तेव्हा कॅलिफोर्निया तरी याला अपवाद आहे, असे आपली भाची म्हणू शकेल. तिला एवढेच सांगावे, की ही मुले १९८० च्या सुमारास जन्मलेली आहेत आणि त्यांचे आईवडील नोकरीला लागले, तेव्हा सफाईचे काम बाहेर देण्याची प्रथा आजच्याइतकी फोफावलेली नव्हती.