सिनेमा तुम्ही पाहिलात, पोहायचं त्यानं?

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र, थोडक्यात: मुलगा मराठी माध्यमातून यंदा एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, ७१ टक्क्यांनी पास झाला. दोन वर्षांपूर्वी उसाची ट्रॉली उलटून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शिबिरात मिळालेल्या जयपूर फूटवर तो चालतो. पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून देणारे जलतरणपटू मुरलीकांत पेटकर यांच्या आयुष्यावरचा २०२४ सालचा हिंदी सिनेमा पाहिल्यापासून वडिलांच्या मनात एकच आहे. मुलाचं शिक्षण दोन वर्षं थांबवायचं, दोन एकर गहाण टाकायचं आणि त्याला पुण्याला पोहायला घालायचं. ते विचारतात, अकादमी कुठली चांगली आणि नॅशनलला पोचायला किती महिने लागतील?)

तुमचं चार पानांचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मुलासाठी, दुसऱ्यांदा तुमच्यासाठी. मुलाबद्दल त्यात दोनच वाक्यं सापडली. "तो काही बोलत नाही. पंपाच्या मोटारी खोलत बसतो." बाकी सगळं पत्र पदकाचं, गावातल्या मिरवणुकीचं, आणि ज्यांनी "आता या पोराचं काय होणार?" असं तुमच्या तोंडावर विचारलं त्यांना द्यायच्या उत्तराचं आहे.

तिसऱ्या पानावर मध्येच तुम्ही लिहिलंय, "त्या दिवशी ट्रॅक्टर मीच चालवत होतो, तो मडगार्डवर बसला होता." आणि लगेच पुढच्या ओळीत अकादमीची फी विचारलीय. मला वाटतं, तुमचं खरं पत्र त्या एका ओळीचं आहे.

स्पष्ट बोलते, राग मानू नका. अपघाताचं ओझं तुमच्या छातीवर आहे आणि ते उतरवायला तुम्ही मुलाला पाण्यात ढकलताय. त्याला पदक मिळालं की तुम्हाला झोप लागेल, असा हा हिशेब आहे. सोळा वर्षांच्या पोरानं बापाच्या झोपेसाठी का पोहावं? त्याचा पाय गेलाय, त्याचं दुःख त्याला अजून नीट करताही आलेलं नसेल. त्यात रोज संध्याकाळी मोबाईल पुढे धरून "बघ, त्यांनी करून दाखवलं" असं ऐकवलं, तर त्याला ऐकू काय येतं? नुसतं जगलास तर पुरणार नाही, काहीतरी जगावेगळं करून दाखव, तरच तुझी किंमत. दोन्ही पाय धड असलेल्या तुमच्या पुतण्याकडून कोणी असली मागणी करतं का? त्यानं आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली तरी घरात पेढे वाटतील.

"पाय जाणं हा देवाचाच इशारा होता" हे वाक्य तर त्याच्यासमोर पुन्हा काढू नका. ट्रॉलीत ऊस जास्त भरला होता आणि रस्ता खराब होता, असं तुम्हीच लिहिलंय. देवाला मध्ये आणायचं कारण नाही.

आता सिनेमाविषयी. पेटकर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, त्यांचा अभिमान वाटायलाच हवा. पण अडीच तासांत मावत नाही तेही पाहा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागण्याआधी ते लष्करातले बॉक्सर होते, म्हणजे खेळाडूचं शरीर आणि शिस्त आधीपासून होती. उपचार लष्करी इस्पितळात झाले. पदक आलं १९७२ला हायडलबर्गमध्ये, म्हणजे सात वर्षांनी. त्या प्रवासाच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेनं हात दिला, कोणी शेत गहाण टाकलं नाही. आणि पोट चाललं ते पुण्यात टेल्कोतल्या नोकरीवर. पद्मश्री मिळाली २०१८ला. पदक आणि पद्मश्री यांच्यामध्ये ४६ वर्षं आहेत, आणि मधल्या काळात घर चालवायला नोकरीच कामी आली.

तुमच्या पत्रातला एक समज मात्र नीट खोडून काढायला हवा, कारण तो फक्त तुमचा नाही. तुम्ही लिहिता, "पेटकरांची पन्नास मीटरची वेळ ३७.३३ सेकंद. आमचा पोरगा मलप्रभेत तेवढ्या वेळात तेवढं अंतर कापतो. शिवाय दिव्यांगांत स्पर्धा कमी." पहिली गोष्ट, नदीला ओढ असते, आणि ते पन्नास मीटर टेप लावून कोणी मोजले ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुसरी आणि महत्त्वाची गोष्ट, पॅरा खेळात सगळे दिव्यांग एका रांगेत उभे राहत नाहीत. शरीर किती आणि कसं काम करतं यावरून वर्ग ठरतात. जलतरणात शारीरिक दिव्यांगांचे एस-१ ते एस-१० असे वर्ग आहेत, आकडा जितका मोठा तितकी अडचण कमी. पेटकरांना मणक्याची इजा होती, ते हातांच्या जोरावर पोहले. तुमच्या मुलाचे दोन्ही हात, दोन्ही मांड्या, दोन्ही गुडघे शाबूत आहेत. तो बहुधा नववा किंवा दहावा वर्ग. तिथे जगातले अव्वल पुरुष पन्नास मीटर २५ सेकंदांच्या आसपास संपवतात. यूडीआयडी कार्डावरच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरच्या, टक्क्यांचा या वर्गाशी संबंध नाही, तो खेळाचं पॅनेल स्वतंत्र तपासणी करून ठरवतं. स्पर्धेत कृत्रिम पाय लावून पाण्यात उतरताही येत नाही. आणि "स्पर्धा कमी" म्हणाल, तर भालाफेकपटू सुमित अंतिलचा डावा पायही गुडघ्याखाली नाही. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यानं भाला ७०.५९ मीटर फेकला. आपल्या तालुक्यात दोन पायांवर उभं राहून एवढी फेक करणारा कोण आहे, दाखवा. त्याच स्पर्धेत भारताला २९ पदकं मिळाली, १७ अ‍ॅथलेटिक्सची. जलतरणात एकही नाही. पुण्याच्या अकादमीची जाहिरात हे सांगणार नाही.

म्हणून खेळूच नये का? खेळावं की! पण तो म्हणाला तर. पोहायला त्याला आवडत असेल, तर बेळगावात गोवावेसला तलाव आहे, खानापूरहून बस आणि रेल्वे दोन्ही आहेत. वर्षभर मजेसाठी जाऊ दे. प्रशिक्षकाला काही दिसलं तर तोच बोलेल, तेव्हा वर्गीकरण आणि राज्य स्पर्धेचं बघू. कदाचित त्याला भाला किंवा गोळा आवडेल. कदाचित काहीच नाही, संध्याकाळी मित्रांबरोबर कट्ट्यावर बसणं आवडेल. तेही चालतं.

शिक्षण थांबवायचं तर नावच काढू नका. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी बघा. शाळेत असताना सायकलवरून पडून हात कायमचा अधू झाला. ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवत राहिले आणि पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्य घेतलं तेव्हा ३४ वर्षांचे होते. हासनचे सुहास यतिराज सुरतकलला इंजिनिअरिंग शिकले, आयएएस झाले, आणि टोकियो व पॅरिस दोन्हीकडे बॅडमिंटनचं रौप्य त्यांच्या नावावर आहे. या दोघांचं शिक्षण खेळाच्या आड आलं नाही.

आता मुलाच्या त्या दोन वाक्यांकडे येते. मोटारी खोलणाऱ्या पोराला दहावीनंतर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल डिप्लोमा हा सरळ रस्ता आहे. तीन वर्षं, मग डीसीईटी, म्हणजे डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा, देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पीयूसी सायन्स (अकरावी-बारावी) आणि केसीईटी या कर्नाटकाच्या प्रवेश परीक्षेचा रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. दोन्हीकडे इंग्रजीतून शिकावं लागेल. पहिले सहा महिने जड जातात, मग जमतं. २०१६च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांना किमान ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. कार्ड आहेच, ते वापरा.

पण अर्ज भरण्याआधी एक गोष्ट त्याला दाखवाच. तुम्ही कौतुकानं लिहिलंय की जयपूर फूटचा पट्टा घासत होता तेव्हा त्यानं स्वतःच तो बदलून नीट बसवला. कृत्रिम पाय आणि आधाराची साधनं बनवायचं रीतसर शिक्षण असतं, बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, म्हणजे बीपीओ. साडेचार वर्षांचं, इंटर्नशिप धरून. मुंबईत हाजी अलीच्या केंद्रीय संस्थेत आहे, बेंगळुरूतही आहे. कुठेही गेलात तरी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का तेवढं तपासा. खेड्यातल्या माणसाला पाय बसवून देणारा, ज्याला तो पाय दुपारच्या उन्हात कसा चावतो हे स्वतःला माहीत आहे, असा तंत्रज्ञ आपल्या भागात किती उपयोगाचा! मात्र या कोर्सला बारावी सायन्स लागतं. म्हणजे डिप्लोमा की पीयूसी हा निर्णय आत्ताच घ्यायचा आहे. तो तुम्ही घ्यायचा नाही. मीसुद्धा नाही. हे त्याच्यावर लादलंत तर पोहण्याच्या जागी बीपीओ आला एवढाच फरक पडेल.

आणखी एक. त्याचं वय वाढीचं आहे, सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा तो साचा ज्यात उरलेला पाय बसतो, मापाबाहेर जाणार आणि वेळोवेळी बदलावं लागणार. पैसा खर्चच करायचा असेल तर तिथे करा. त्यासाठी दोन एकर गहाण टाकावं लागत नाही.

या आठवड्यात त्याला घेऊन जवळच्या पॉलिटेक्निकमध्ये जा, वर्कशॉप दाखवा. परतताना एका पीयूसी कॉलेजची लॅबही दाखवा. तिथल्या मास्तरांशी त्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर चहा प्या. आणि एखाद्या दिवशी, सिनेमा न लावता, ट्रॅक्टरचा विषय तुम्ही स्वतः काढा. बहुतेक तो तुम्हाला दोष देत नसेल. देत असला तरी ऐकून घ्या. ते जमत नसेल तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आधी एकटे जाऊन या, मग वाटलं तर त्याला न्या. गहाणखताचे कागद तयार झाले असतील, तर ते सध्या सही न करता ठेवा.