पावसात घसरणाऱ्या पिकअपवर ८५ हजार घालावेत का?

प्रश्न गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदाराचा आहे. त्यांची २०१२ ची बोलेरो पिकअप वाळपईजवळच्या बागायतीतून नारळ, केळी, सुपारी घेऊन म्हापसा आणि फोंड्याला जाते, मधल्या दिवसांत भाडी मारते. पावसाळ्यात बागायतीतली सुमारे ४० मीटरची लाल मातीची चढण रिकामी गाडी चढत नाही, मागचे एक चाक जागच्या जागी गरगरत राहते. गॅरेजवाला ८५ हजारांत डिफरन्शियल लॉकर, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्र फिरायला लावणारा भाग, बसवून देतो म्हणतो. दुसरा विचार ७ लाखांची जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी गाडी, घेण्याचा. हाताशी साडेतीन लाखांची एफडी आहे, ती मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली.

एफडीला हात लावू नका, हे आधी सांगतो. आता कारणे.

फोर-बाय-फोरचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर मांडला. जुन्या गाडीचे २ लाख, एफडीतले १ लाख आणि ४ लाखांचे कर्ज. तुम्हाला सांगितलेल्या १५ टक्के दराने ४ वर्षांसाठी हप्ता महिना सुमारे ११,१३० रुपये बसतो आणि व्याजच १ लाख ३४ हजारांवर जाते. डिझेल वजा जाता पावसाळ्यात महिना साडेआठ हजार सुटतात, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे ज्या चार महिन्यांसाठी ही गाडी घ्यायची, त्याच चार महिन्यांत ती स्वतःचा हप्ताही काढणार नाही. काजूचा हंगाम मार्च ते मे, कोरड्या रस्त्यावरचा. पावसातली खरी कमाई चवथीच्या आधीच्या बाजाराची, आणि तेवढ्यासाठी चार वर्षांचे कर्ज डोक्यावर घेणे मला पटत नाही.

लॉकरचा मोह मी समजू शकतो, कारण दुखण्याचे निदान गॅरेजवाल्याने बरोबर केले आहे. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारे गिअर. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, आणि तो किती मिळणार हे कमी पकड असलेले चाक ठरवते. एक चाक चिखलात फिरू लागले की दुसऱ्याखाली घट्ट जमीन असूनही ते गाडी ओढत नाही. लॉकर हे थांबवतो खरा. पण दोन लाखांच्या गाडीवर ८५ हजार घातले तर विकताना ते कोणी मोजत नाही. जुन्या एक्सल शाफ्टवर ताण वाढतो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत. अपघात झाला आणि विमा कंपनीने त्यावर बोट ठेवले, तर नुकसान ८५ हजारांवर थांबणार नाही. स्वस्तात स्टार पिनियन (डिफरन्शियलमधले छोटे गिअर) वेल्ड करून देतो म्हणणाऱ्याला तर सरळ नाही म्हणा. तशी गाडी ओल्या डांबरी वळणावर मागून फेकली जाते, आणि तुम्ही फोंड्याला जाता ते वळणावळणांनीच.

पैसे जिथे चाक घसरते तिथे घाला. मागच्या दोन टायरांचे कोटेशन १७ हजारांचे आहे, ते घ्या. झीज दाखवणारी खूण १.६ मिमीवर असते, पण लाल चिखलात टायर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. खोल खाचांचा पॅटर्न निवडा. मात्र अगदी मोठ्या गुठळ्यांचे बटण टायर नकोत, तुमचे बहुतेक किलोमीटर डांबरावरचे आहेत. दुकानात टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुना पडून राहिलेला टायर सवलतीतही घेऊ नका. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. पूर्ण मालाची हवा भरून रिकामी गाडी चालवली तर टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो.

वजनाचा उपाय जवळजवळ फुकट आहे. वाळूची चारपाच पोती हौद्यात मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा थोडी पुढे, केबिनच्या बाजूला, दोरीने घट्ट बांधून ठेवा. फळीच्या टोकाला ठेवली तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. माल भरताना ही पोती आरसीतल्या वजनात धरा, आणि पाऊस संपला की उतरवा, नाहीतर वर्षभर त्यांच्यासाठी डिझेल जळेल.

मोठा खर्च चढणीवर करा. दोन चाकांच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी दोन फूट रुंद आणि चार इंच जाड, ४० मीटरसाठी सुमारे ५ घनमीटर काँक्रीट लागते. खाली काळ्या दगडाचे सोलिंग (दगडांचा थर), वर झाडूने आडवी खरखर, आणि वरच्या बाजूला पाणी वळवणारे गटार. गटार नसेल तर पहिल्याच पावसात पट्ट्यांखालची माती वाहून जाईल. चिरे बसवून स्वस्तात भागवू नका, त्यांवर शेवाळ धरते. गवंड्याकडून लेखी दर घ्या आणि ४५ हजारांच्या आत बसवा. वाट सामायिक असेल तर भागीदारांची संमती कागदावर घ्या, खर्चातही वाटा मागा. हे काम गाडी बदलली तरी तुमच्याच जमिनीत राहते, म्हणून मला ते लॉकरपेक्षा कितीतरी चांगले वाटते.

टायर आणि पट्ट्या धरून ६२ हजार होतात. हे काजूच्या पैशांतून टप्प्याटप्प्याने करा.

एक अट आहे. रुपया खर्च करण्याआधी गाडी पिटवर घेऊन चेसिस, स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर आणि ब्रेक पाइप तपासून घ्या. आपल्या हवेत गंज आतून खातो. २०२७ मध्ये गाडीला १५ वर्षे होतील आणि गाडीच्या वयाबरोबर फिटनेसची फीही वाढत जाते. चेसिस कुजलेली निघाली तर टायरही घेऊ नका, फक्त चढण करा आणि मला पुन्हा लिहा. मग पुढच्या गाडीचा हिशेब वेगळा मांडू. चेसिस ठीक असेल तर काँक्रीट एप्रिलमध्येच ओता, म्हणजे पाऊस लागायच्या आत त्याला ताकद धरायला २८ दिवस मिळतील.